तान्ह्या बालकांस पाण्याची ओळख

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा ज्ञातीचे ऐक्य, विवाहातील अवास्तव खर्च किंवा शिक्षणाचे महत्त्व यांपैकीच एखादा नेहमीचा विषय आम्ही घेऊ, अशी पुष्कळांची समजूत झाली असेल. ते विषय महत्त्वाचे खरे. परंतु त्यांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. आम्ही जो विषय घेतला आहे तो काहींना पोरखेळ वाटेल. विषय आहे पाळण्यातल्या मुलाला पाण्याची ओळख करून देण्याचा. हा खेळ आहे हे आम्हांस मान्य आहे. पण त्या खेळाच्या एका टोकाला बालकाचे आरोग्य आहे आणि दुसऱ्या टोकाला त्याचा जीव आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. आम्ही वैद्य नव्हे, की पोहण्याच्या शर्यती मारलेले पट्टीचे पोहणारेही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना वळण लावण्यात घालविलेले आम्ही मास्तर. तज्ज्ञांनी जे सिद्ध केले आहे ते वाचून, पारखून, आपल्या घरादाराला लागू पडेल अशा शब्दांत सांगणे एवढेच मास्तराचे काम, आणि तेवढेच आज आम्ही करणार आहोत.

आपला मुलूख पाण्याचा आहे. पश्चिमेला डहाणूपासून केळवे-माहीमपर्यंत समुद्र. त्याच्या काठाने चिंचणी, तारापूर, नवापूर, मुरबे, सातपाटी, शिरगाव ही आपली गावे. त्यांच्या मध्ये शिरलेल्या खाड्या. मासवणजवळून वाहणारी सूर्या, दक्षिणेला वैतरणा. वाडीवाडीत विहीर. पालघरला गणेशकुंड, केळव्याला शीतलादेवीपाशी रामकुंड. आणि पावसाळ्याचे चार महिने तर प्रत्येक खाचर, प्रत्येक खड्डा तुडुंब भरलेला. अशा मुलखात जन्मलेल्या मुलाने पाण्यापासून दूर राहावे ही गोष्टच अशक्य. प्रश्न एवढाच, की पाण्याशी त्याची पहिली भेट कोणाच्या हाताने व्हावी: आईबापांच्या, की अपघाताच्या?

आमच्या लहानपणी हा प्रश्न कोणी विचारीत नसे, कारण त्याचे उत्तर गावात तयार होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुले वाडीतल्या विहिरीवर जमत. कमरेला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असे. विहिरीच्या पायरीवर एखादे काका किंवा थोरला भाऊ बसलेला असे, आणि दोरीचे टोक त्याच्या हातात असे. आठपंधरा दिवसांत भोपळा सुटे आणि मूल तरू लागे. या शाळेला फी नव्हती, हजेरीपट नव्हता; पण पहारा होता. ती दोरी फार महत्त्वाची होती.

आज ती शाळा बंद पडली आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली, २०१३ साली मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली. त्यामुळे आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांना रोजगार मिळाला, मुले शिकली, घरे पक्की झाली; याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु कुटुंब वाडीतून उठून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेले. विहिरीवर पंप बसला, पायऱ्यांवर झुडपे उगवली. दोरी धरणारे काका सकाळच्या गाडीने कामावर जातात. परिणाम असा, की समुद्राच्या काठच्या ज्ञातीची मुले आज पोहणे न येता मोठी होत आहेत; आणि सुट्टीत गावी आली, सहलीला केळव्याच्या किनाऱ्यावर गेली, की त्याच पाण्यात बेधडक उतरत आहेत.

यावर आपल्याकडे दोन म्हणी ऐकविल्या जातात. एक म्हण अशी, की माशाच्या पिल्लाला पोहावयास शिकवावे लागत नाही. दुसरी अशी, की पाण्यात पडले म्हणजे पोहता येते. म्हणींविषयी आम्हांस आदर आहे, आयुष्यभर आम्ही त्या फळ्यावर लिहीत आलो. पण पहिली म्हण माशाविषयी आहे, माणसाविषयी नाही. दुसरी म्हण संसाराविषयी आहे, विहिरीविषयी नाही. अंगावर जबाबदारी पडली की माणूस निभावून नेतो, एवढाच तिचा अर्थ. तो अक्षरशः घेऊन ज्यांनी लहान मुलाला पाण्यात ढकलले, त्यांनी बहुधा एक जन्मभराचा भित्रा तयार केला. त्याहून वाईट जे घडते ते येथे बोलावयास नको.

तान्हे मूल उपजतच पोहते, असेही कित्येक सुशिक्षित लोक हल्ली सांगतात. त्यात तथ्य किती, हे पाहण्यासारखे आहे. मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकन विदुषीने १९३९ साली न्यूयॉर्क येथे केलेल्या निरीक्षणांचा निबंध प्रसिद्ध केला. अकरा दिवसांच्या अर्भकापासून अडीच वर्षांच्या मुलापर्यंत ४२ बालके त्यांनी पाण्यात अभ्यासली. अगदी तान्ही मुले पाण्यात पालथी धरली असता हातपाय तालात हलवितात आणि श्वास रोखून धरतात, असे त्यांना दिसले. पण ही पोहण्याची विद्या नव्हे. मुठीत बोट दिले की मूल ते घट्ट धरते, तशीच ही निसर्गाने दिलेली प्रतिक्रिया होय. चार महिन्यांच्या सुमारास ती मावळू लागते, मूल पाण्यात धडपडू लागते, उताणे होऊ पाहते, आधार शोधते. समजून-उमजून हातपाय मारणे त्यानंतर पुष्कळ काळाने येते. शिवाय त्या तान्ह्या वयातही मुलाला डोके पाण्याबाहेर काढून श्वास घेता येत नाही. तेव्हा उपजत पोहते म्हणून मूल सुरक्षित आहे, हा निष्कर्ष साफ खोटा आहे.

मग एवढ्या लहान वयात पाण्याची ओळख कशासाठी? लाभ आहेत, आणि ते आम्ही क्रमाने सांगतो.

पहिला लाभ शरीराचा. जे मूल जमिनीवर अजून नीट रांगत नाही, त्याला पाणी उचलून धरते. तेथे त्याला हात, पाय, मान, पाठ ही सारी एकदम हलविता येतात. नॉर्वेतील संशोधक हेर्मुंडुर सिगमुंडसन आणि त्यांचे सहकारी ब्रायन हॉपकिन्स यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तान्हेपणी पाण्यात खेळविलेली मुले पुढे पाचव्या वर्षाच्या सुमारास तोल सांभाळण्यात व वस्तू पकडण्यात इतरांपेक्षा सरस आढळली. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाने पाच वर्षांखालील सुमारे सात हजार मुलांची माहिती घेतली, तेव्हाही लवकर पोहावयास लागलेली मुले अनेक बाबतींत पुढे दिसली. परंतु मास्तराने गुण देताना हात आखडता घ्यावा हे बरे. पहिल्या अभ्यासातील मुले थोडी होती. दुसऱ्याला पोहणे शिकविणाऱ्या व्यावसायिकांचेही अर्थसाहाय्य होते. आणि पोहण्याच्या वर्गाला मूल पाठविणारे आईबाप मुळातच मुलाकडे अधिक लक्ष पुरविणारे असतात, त्याचाही वाटा त्यात असणारच. म्हणून पोहण्याने मूल बुद्धिमान होते, असे आम्ही सांगणार नाही. त्याने त्याचे अंग मोकळे होते, एवढे सांगतो.

दुसरा लाभ मनाचा. तोंडावर पाणी आले असता न घाबरणे, श्वास सोडणे, हात पुढे करून काठ धरणे, या सवयी खेळता खेळता लागतात. मोठेपणी पाण्याचे भय काढावयास महिने लागतात; तान्हेपणी ते बसूच न देणे सोपे. तिसरा लाभ मायेचा. अर्धा तास बापाने मुलाला छातीशी धरून पाण्यात उभे राहावे, खिशात फोन नाही, हातात वर्तमानपत्र नाही, असा अर्धा तास आजच्या घरात दुसरीकडे कोठे सापडतो?

चौथा लाभ प्राणरक्षणाचा. पण तो केव्हा सुरू होतो हे नीट समजून घ्यावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था पूर्वी चार वर्षांच्या आतील मुलांना रीतसर पोहणे शिकवू नये, अशा मताची होती. २००९ साली तेथे एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक ते चार वर्षे वयाच्या ज्या मुलांना रीतसर पोहणे शिकविले होते, त्यांच्यात बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. त्यानंतर २०१० मध्ये त्या संस्थेने आपले मत बदलले, आणि आता एक वर्षानंतर शिकविण्यास तिची संमती आहे. मात्र एक वर्षाच्या आतील मूल पोहण्याच्या वर्गाने बुडण्यापासून वाचते, याला पुरावा नाही, असेही तीच संस्था बजावते. सारांश, पहिल्या वर्षी ओळख, नंतर शिक्षण, आणि पहारा सर्वकाळ.

या पहाऱ्याविषयी दोन शब्द स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्यू पावली, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. आपल्याला वाटते, मुले समुद्रात बुडतात. तान्ही मुले समुद्रात जात नाहीत. ती घरात बुडतात. न्हाणीतली बादली, मोरीतले पिंप, परसातला हौद, बांधकामावरची पाण्याची टाकी, गुरांची डोण ही त्यांची ठिकाणे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून तोल गेला की त्याला मागे फिरता येत नाही, आणि दोन इंच पाणीही पुरते. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवीत नाही. घरात भाजीला फोडणी बसेपर्यंत सारे शांतपणे होऊन जाते. म्हणून बादली रात्री रिकामी करून पालथी घालणे, पिंपावर घट्ट झाकण ठेवणे, न्हाणीघराला बाहेरून कडी लावणे, या तीन गोष्टी आज घरी गेल्यावर करावयाच्या आहेत. त्यांना खर्च नाही.

आता पद्धत. आपल्या माताभगिनींना आनंद वाटेल, की पाण्याची पहिली गुरू आजी आहे, असेच आमचे मत आहे. पाय लांब करून त्यांवर बाळाला घेणे, तेल जिरवून ऊन पाणी घालणे, कपाळाला हात आडवा लावून डोक्यावरून पाणी सोडणे, आणि हे सर्व गाणे गुणगुणत करणे, यात शिक्षणाची सर्व तत्त्वे आली: ओळखीचा हात, ओळखीचा आवाज, बेताचे पाणी. मात्र नाकाकानांत तेल घालणे आणि धुरीचा धूर कोंडणे डॉक्टर निषिद्ध मानतात; तेवढे सोडून द्यावे. बाळ मान धरू लागले, बसू लागले, की घंगाळात किंवा टबात कोमट पाणी घेऊन त्याला काखेखाली धरून बसवावे व पाण्यावर थापट्या मारू द्याव्यात.

सहा महिन्यांनंतर, डॉक्टरांच्या संमतीने, स्वच्छ तलावात आईने किंवा बापाने स्वतः घेऊन उतरावे. पाणी ऊबदार हवे. सुमारे ३२ अंश सेल्सिअस असल्यास उत्तम. मोठ्यांना बरे वाटणारे गार पाणी तान्ह्याला सोसत नाही. प्रारंभी दहा मिनिटे, पुढे फार तर अर्धा तास. ओठ निळसर दिसले, अंगावर काटा आला, की त्या क्षणी बाहेर काढून कोरडे करावे. ताप, जुलाब, कान फुटणे, अंगावर पुरळ अशा वेळी पाण्याचे नाव काढू नये. मुलाला एका हाताच्या अंतरापलीकडे कधीही जाऊ देऊ नये.

मुलाला मुद्दाम बुडवून काढण्याचे प्रकार काही ठिकाणी कौतुकाने केले जातात, त्यांना आमचा सक्त विरोध आहे. लहान मूल पाणी गिळते. फार गिळले तर रक्तातील क्षाराचे प्रमाण घटून झटके येऊ शकतात. आणि रडणाऱ्या मुलाला बुडविणे म्हणजे त्याचा आपल्यावरचा विश्वास बुडविणे. बाजारात गळ्यात अडकविण्याचे फुगीर कडे मिळते, तेही घेऊ नये. तशा कड्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली पालकांना धोक्याची सूचना दिली आहे. हवा भरलेले साधन हे खेळणे होय, रक्षक नव्हे.

समुद्र, खाडी, नदी व विहीर ही तान्ह्यांची शाळा मुळीच नव्हे. औद्योगिक वसाहतीजवळच्या ओढ्याखाड्यांत तर मुलांचा पायही पडू देऊ नये. समुद्रावर न्यायचे झाल्यास ओहोटीच्या ओल्या वाळूत, हात धरून, घोट्याएवढ्या पाण्यात. आणि येथे आजोबांना काम आहे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमाराने येते: अष्टमीला सहा वाजता भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. हे गणित आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. आज किती नातवंडांना ते येते? भरतीचे पाणी मागून खाजणात शिरते व माणूस पुढे पाहत उभा राहतो, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला पोहता येऊनही उपयोग नाही.

मुलींविषयी थोडेसे. आमच्या काळी विहिरीवरची ती शाळा मुलग्यांची होती. मुली काठावरून कपडे सांभाळीत. हा भेद आता तरी संपावा. बंगालच्या आरती साहा या चार वर्षांच्या असताना घाटावर काकांबरोबर स्नानास जात, तेथेच त्यांना पोहण्याची गोडी लागली. १९५२ साली अकराव्या वर्षी त्या हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लंडची खाडी पोहून जाणारी आशियातील पहिली स्त्री ठरल्या. आपल्या प्रत्येक मुलीने खाडी ओलांडावी, असे आमचे म्हणणे नाही. पण विहिरीवर, खाडीत, खाचरात पाण्याशी काम स्त्रियांनाच अधिक पडते. आणि घरातले मूल पाण्यात पडले तर जवळ असते ती आई. तिला पोहता येत नसेल तर दोन जीवांचा प्रश्न होतो.

शेवटी, संस्थेने काय करावे? नुसता उपदेश करून खाली बसणे मास्तराला शोभत नाही, म्हणून चार सूचना सभेपुढे ठेवतो.

पहिली सूचना : प्रत्येक गावच्या शाखेने आपल्या बांधवांच्या वाडीतील उघड्या, कठडा नसलेल्या विहिरींची यादी करावी, आणि जेथे मालकाची ऐपत नाही तेथे कठडा किंवा जाळी संस्थेच्या निधीतून बसवावी. आपण दरवर्षी गुणवंतांना ढाली वाटतो, त्या अवश्य वाटाव्यात. पण ढाल घेण्याच्या वयापर्यंत मूल पोहोचणे अगोदर आवश्यक आहे.

दुसरी सूचना : आवणीच्या दिवसांत आया शेतात असतात आणि लहान मुले बांधावर. शेजारच्या बांगलादेशात अशाच कामाच्या वेळी, सकाळच्या प्रहरी, गावातील एका शिकविलेल्या बाईकडे पाच वर्षांखालील मुले सांभाळावयास ठेवण्याची व्यवस्था केली, आणि बुडण्याचे प्रमाण पुष्कळच घटले. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांखालील मुलांसाठी असा सांभाळ, आणि सहा वर्षांवरील मुलांसाठी पोहण्याचे प्राथमिक शिक्षण, हाच क्रम सांगते. आपल्या अंगणवाडीताईंना आपण हातभार लावला तर हे आपल्याकडेही घडेल.

तिसरी सूचना : उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवसांचे पोहण्याचे शिबिर, जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली आणि स्वच्छ तलावात. सहा वर्षांवरील मुलामुलींना शिक्षण, आणि आठवड्यातून एक सकाळ तान्ह्यांना घेऊन येणाऱ्या आईबापांसाठी राखून ठेवलेली. ज्या कुटुंबाला तलावाची फी जड आहे, त्याची फी संस्थेने गाजावाजा न करता भरावी.

चौथी सूचना : प्रथमोपचार. पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तत्काळ तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे सुरू करावे, आणि दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे कृतीने शिकावे लागते. भाषणाने येत नाही. आपल्या ज्ञातीत परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत. प्रत्येक शाखेत त्यांनी एक दिवस द्यावा. आणि ज्याला पोहता येत नाही त्याने बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नये. दोरी, बांबू, झाकण लावलेला रिकामा डबा, जे हाती लागेल ते फेकावे.

खर्च किती येईल, असे कोषाध्यक्ष विचारतील, आणि त्यांनी तसे विचारलेच पाहिजे. कठड्याला विटा लागतील, शिबिराला पैसे लागतील. पण बादली पालथी घालण्यास, झाकण लावण्यास, मुलाजवळ हाताच्या अंतरावर बसण्यास काहीच लागत नाही. तेव्हा निधी जमेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

आपल्या पूर्वजांनी दोरीचे टोक हातात धरून आपल्याला पाण्यात सोडले, म्हणून आपण आज या मांडवात बसलो आहोत. विहिरी बदलल्या, घरे बदलली, गावे बदलली. ती दोरी मात्र सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. नातवंडांच्या बाबतीत ती आपल्या हाती आली आहे, एवढे ध्यानात ठेवावे, ही नम्र विनंती.